मंगळवार, पावणेदोन ते साडेतीन

बुधवार, ५ नोव्हेंबर

घमेलं गेलं! बुडाला भोक पडलेलं एक घमेलं — आणि सकाळपासून आबांनी घर डोक्यावर घेतलंय. आबा म्हणजे माझे सासरे. लष्करातून हवालदार होऊन घरी आले त्याला चौदा वर्षं झाली, पण यांची ड्यूटी काही संपत नाही. चहा अर्धा टाकून मला मशीनपुढे उभं केलं. "परड्यातला क्यामेरा काढ. काल दुपारी मागच्या दाराला कोन आलतं ते दाव."

काढला. काल मंगळवार. पावणेदोनपर्यंत सगळं नीट. शेळी, वाळत घातलेली लुगडी, शेजारचं मांजर. आणि मग एकदम साडेतीन. मधलं नाहीच!

"मोबाइलवर तर दिसत हुतं मला," आबा म्हणाले आणि मोबाइल पटकन खिशात घातला.

मी समजावलं. मोबाइलवर दिसतं ते कॅमेऱ्यातून थेट येतं. आत्ताचं आत्ता. आलं आणि गेलं. मागे नेऊन बघायचं तर ते हार्डडिस्कवर लिहिलं जावं लागतं. डिस्कने लिहिलंच नाही, तर मी काय दाखवू? आणि जुनं म्हणाल तर आठवड्याचंच राहतं, त्याच्या मागचं आपोआप पुसलं जातं.

"कम्प्युटर शिकलीयास न्हवं? मग नीट कर. रिपोर्ट मला दे." जाता जाता उंबऱ्यात थांबले. "मशीन नीट झालं, की तुझ्या साताऱ्याचं बघू."

साताऱ्याचं! तीन आठवडे त्या विषयावर 'बघू' शिवाय शब्द निघाला नव्हता. साताऱ्याच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळायचं काम आहे. लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं मी हेच करत होते. मैत्रिणीची खोली आहे, शनिवार-रविवार पलूसला घरी येता येईल. १ डिसेंबरला हजर व्हायचंय. नवऱ्याला — उदयला — विचारलं तर तो म्हणतो आबांना विचार. आबांना विचारलं तर बघू. साक्षी, तुला काय वाटतं, असं विचारणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

एका फुटक्या घमेल्यासाठी एवढं! पण घमेल्याचे उपकारच म्हणायचे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुपार. मशीनच्या खोलीत. खताच्या पोत्यांमध्ये टेबल, टेबलावर जुना कम्प्युटर. उदय सैन्यात सिग्नलला आहे, त्याला असलं जुळवाजुळवीचं वेड. गणपतीच्या सुट्टीत याच्यात लिनक्स घातलं, रेकॉर्डिंगसाठी वेगळी डिस्क जोडली, चार कॅमेरे लावून दिले. पुढचं दार, सोपा, गोठा, परडं. कॅमेरा नाही अशा जागा मोजून तीन — झोपायच्या खोल्या, मोरी आणि ही. म्हणून डायरी इथे लिहायची. डायरी कारखान्याची, सभासदांना देतात ती. आबांनी दोन मिळवलेल्या, त्यातली ही कुणालाच नको होती. जानेवारी ते ऑक्टोबर कोरी. पुढे उसाच्या वाणांची माहिती.

कॅमेरे कशाला? राजेश्वरीमुळे. उदयची धाकटी बहीण. माझ्या लग्नात तिनेच माझ्या हातावर मेंदी काढली. वर्षभरात तिने सांगलीच्या अतिशय नावाच्या मुलाशी लग्न केलं. जैन घर, मुलगा चांगला, नोकरी चांगली. आबांना विचारून नाही केलं, हाच गुन्हा. आबांनी भावकीसमोर सांगितलं, "पोरगी मेली आमाला." त्याला दोन वर्षं झाली. या घरात तिचं नाव निघत नाही. आणि घरातलं दुसरं कुणी न सांगता बाहेर पडू नये म्हणून चार डोळे. दुसरं कुणी म्हणजे कोण? मीच की!

आता डिस्कचं. डिस्कशी थेट बोलता येत नाही. मध्ये कर्नेल बसलेला असतो, सिस्टिमचा गाभा. आपण एचडीपार्म नावाच्या हुकमातून त्याला सांगायचं, तो डिस्कला सांगणार, डिस्क काय म्हणाली ते तोच परत आणणार. आमच्या घरात आबांशी बोलायची रीत हीच — सासूबाईंमार्फत. मी त्यांना आत्या म्हणते. मनुबाई नाव, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही.

सापडलं! झोपेचा टायमर लावलेला. वीस मिनिटं काम नसलं की डिस्कची चकती थांबते. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड होतं, आणि दुपारी परड्यात काय हलणार? डिस्क झोपली, उठताना घोटाळा झाला. टायमर शून्य केला. म्हणजे झोपायचंच नाही. लाइट गेली की डिस्क सांगितलेलं सगळं विसरते, म्हणून सुरू होतानाच हुकूम सुटेल असं फाइलीतही लिहून ठेवलं.

अर्ध्या तासाचं काम! तीन वर्षांनी डोक्याला जरा तेल मिळालं. लय बरं वाटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

उदयचा फोन लागत नाही. अकरावा दिवस. आत्या म्हणतात, "सीमेवरचं मानूस, त्याला काय रोज घंटी व्हय?"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

केसांत पीठ. दर मंगळवारी आत्या मला भर दुपारी गिरणीत धाडतात. गाव ओलांडून पलीकडची गिरण! जवळची आहे की. पण नाही — "तितलं पीठ लय बारीक येतं. आन ठिवून येऊ नको, हुबं ऱ्हाऊन आण." तिथे एक बाकडं आणि वीस बायका. दीड तास! वडूजच्या दुष्काळी भागातली सून म्हणून चालण्याची सवय असेल असं वाटत असावं.

आल्यावर मशीन उघडलं. पावणेदोन ते साडेतीन — पुन्हा कोरं!

आबा संध्याकाळी सहाला माजी सैनिकांच्या ऑफिसातून आले. मंगळवारी ते तिथे असतात. आल्या आल्या, बूटही काढले नव्हते — "दाव."

सांगितलं. माझ्याकडे बघत राहिले. "संत्री ड्यूटीवर झोपला तर त्याला काय करत्यात, म्हाईत हाय का?"

मी म्हटलं, "आबा, डिस्क झोपली होती, मी नाही."

"डिस्कला झोपवनारं कोनतरी आसंल की. या घरात कम्प्युटर कुनाला येतो?"

म्हणजे मीच! आत्या चुलीपुढे वळून बसलेल्या. जेवायला आमटी, कांदा-लसूण नसलेली. मंगळवारी आमच्याकडे कांदा-लसूण बंद असतो. देवीचा वार म्हणे. तशी आळणी आमटी आणि त्यावर हा आरोप. दोन्ही गिळलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नीट केलं नाही तर मी चोर. सातारा गेला तो वेगळाच. आज कुणाशी बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सापडलं, सापडलं, सापडलं! आता खरं सापडलं.

टायमर नव्हताच. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या हुकमांची एक यादी असते. मी आधीच बघायला हवी होती, गंज चढलाय डोक्याला. तिच्यात तीन ओळी. दर मंगळवारी पावणेदोनला रेकॉर्डिंग थांबव. डिस्कला पूर्ण झोपव. साडेतीनला उठव आणि चालू कर. वर उदयच्या हातची टीप — 'डिस्क गरम होते.'

गरम होते! आणि फक्त मंगळवारी होते! हसू आवरेना. सिग्नलमध्ये याला ठेवलाय कुणी? आठवड्यातून एकदा दुपारची झोप — डिस्क आहे का जावई?

तिन्ही ओळी काढून टाकल्या. आबांना आत्ताच सांगत नाही. तोंडघशी एकदा पडले तेवढं पुरे. मंगळवारी रेकॉर्ड होऊ दे, मग पुरावाच पुढे ठेवते. साताऱ्याच्या मैत्रिणीला मेसेज केला — 'कपाटाची एक बाजू रिकामी कर.'

रविवार, १६ नोव्हेंबर

ऊसतोडीची टोळी आलीय आपल्या फडात. त्यांना चहा द्यायला गेले तर विहिरीच्या कट्ट्यावर घमेलं! बुडाला तेच भोक. घरी येऊन आबांना म्हटलं तर वर्तमानपत्रातून मान न काढता — "त्ये दुसरं हाय."

या घरात भोकाची घमेली दोन आहेत म्हणे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगळे झोपलेत. लिहिते.

गिरणीतून पावणेचारला आले. पीठ डब्यात न ओतता सरळ इथे. दोन वाजताचं रेकॉर्ड होतं! झालं होतं! मी टाळी वाजवली, एकटीच. मनात म्हटलं, सातारा. आणि चालू केलं.

दोन वाजून चार मिनिटं. परड्याचं दार. एक बाई आली, चपला काढल्या, आत वाकून बघितलं. डोक्यावरची ओढणी मागे गेली. राजेश्वरी. पोट पुढे आलेलं, सातवा तरी असेल.

आत्या धावत आल्या. गुडघे दुखतात म्हणून मोरीपर्यंत भिंत धरून जाणारी बाई — धावत! पाट मांडला. तिला बसवलं. हळद-कुंकू, तांदूळ, नारळ, हिरवं खणाचं कापड. ओटी भरली. परड्यात, शेळीच्या दाव्याशेजारी. आमच्याकडे पहिली ओटी चोरून भरतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, चोरओटी म्हणतात. मग सातव्यात सगळ्या बायका बोलावून, गाणी म्हणून, वाजतगाजत. हिची सातव्यातलीही चोरओटीच!

कॅमेऱ्याला आवाज नाही. दोघींचे ओठ हलताना दिसत होते. मग ताट. आत्या घास भरवत होत्या. तेव्हा मला ती आमटी कळली. राजेश्वरी आता जैन घरात आहे, कांदा-लसूण खात नसेल. म्हणून मंगळवारी आमचीही आमटी तशी. देवीचा वार! आणि गिरण! पलीकडची गिरण, बारीक पीठ, हुबं ऱ्हाऊन आण. आणि उदयच्या तीन ओळी. डिस्क गरम होते. अगं बाई!

ती तीन वाजून दहा मिनिटांनी उठली. आत्यांनी तिच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले. ती गेली तरी आत्या दारातच. मग पाट उचलला, ताट स्वतः घासलं, रांगोळीसारखे सांडलेले तांदूळ एकेक करून वेचले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. या घराच्या भिंतीला एकच फट होती आणि ती मी बुजवली. हौसेने! टाळी वाजवून!

सव्वाचार वाजले होते. मी सोप्यात येरझाऱ्या घालत होते. सहाला आबा येणार, आल्या आल्या 'दाव' म्हणणार. ठेवलं तर माझा सातारा पक्का, आणि आत्यांचं मंगळवारचं कायमचं बंद. पुसलं तर आत्या सुटल्या, आणि मी इथे, या पोत्यांत. इकडे आड तिकडे विहीर. एकदा वाटलं, पेनड्राइव्हवर काढून ठेवावं. ठेवणार कुठे? या घरात माझ्या मालकीचं एक कुलूप नाही.

पुसलं.

उदयच्या तिन्ही ओळी परत लिहिल्या. टिपेसकट.

आबा आले. "दाव." मी म्हटलं, "आबा, आजही नाही झालं. माझ्याच्याने नाही होत हे." मला वाटलं, आता आवाज चढणार. नाही चढला. कोऱ्या पडद्याकडे बघत उभे राहिले. "न्हाईच व्हय?" असं काहीतरी म्हणाले, अगदी हळू. मग दारातून — "मग साताऱ्यात जाऊन काय दिवं लावनार?"

रात्री जेवलेही नाहीत. एवढा राग!

बुधवार, १९ नोव्हेंबर

आत्यांना इथे बोलावलं, पोत्यावर बसवलं आणि सांगितलं. सगळं. काढलेल्या ओळी, बघितलेलं, पुसलेलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"त्यांनी बगितलं?"

"नाही. मीच बघितलं फक्त. पुसलं."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग मला रडू फुटलं. म्हटलं, आत्या, तीन वर्षं तुमच्या हाताखाली आहे मी. मला का नाही सांगितलं? मी काय आबांची माणूस आहे?

"आगं, सांगितलं आसतं तर तुला खोटं बोलाय लागलं आसतं. म्या बोलतीया तेवढं पुरं न्हाई व्हय?" मग माझ्या डोक्यातलं कालचं पीठ झटकत म्हणाल्या, "तिला मी धा येळा म्हनलं, पोरी येऊ नको, धरतील. तर म्हनती, आई, तुज्या हातचं खाल्ल्याबिगर प्वार खाली उतरायचं न्हाई. सांगलीसनं दोन यष्ट्या बदलून येती गं. तसल्या पोटानं."

"आता कधी येणार?"

"येत्या मंगळवारी. मग आठवा लागतोय. तितनं फुडं तिची सासू सोडायची न्हाई."

म्हणजे एकच मंगळवार उरलाय. मग माझ्या नोकरीचं विचारलं त्यांनी. पहिल्यांदाच! म्हटलं, गेलं ते. आत्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "माज्यापायी गेलं," म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्यापायी नाही. पण ते तितकंसं खरं नाही. चिडचिड होतेय माझी. आत्यांवर नाही, मग कुणावर? माहीत नाही. भांडी आपटली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

उदयचा फोन! तेविसाव्या दिवशी. आधी आत्यांशी बोलला, मग माझ्याशी. आवाज तुटत होता.

"तू त्या ओळींना हात लावलास?" एवढं ऐकलं आणि मी त्याच्यावर फुटलेच. बहिणीसाठी भोक ठेवता येतं, बायकोला सांगता येत नाही? तो ऐकून घेत होता. म्हणाला, आईने शपथ घातली होती. मी विचारलं, रेकॉर्डिंग बंद, पण मोबाइलवर थेट दिसतच राहतं, त्याचं काय? तर म्हणाला, "ते बंद केलं असतं तर पडदा काळा झाला असता, आबांना लगेच कळलं असतं. मंगळवारी ते ऑफिसात पत्ते खेळतात, मोबाइल बघत नाहीत. पण कधी मागे नेऊन दाखव म्हणतील, त्याचा नेम नाही. म्हणून रेकॉर्डिंगच झोपवलं."

आणि साताऱ्याचं? "आबांना मी—" एवढ्यात फोन तुटला. तुटणारच.

साताऱ्याला नकाराचा मेल लिहून ठेवलाय. पाठवायला बोट होत नाही. उद्या पाठवते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी दहा. आत्या रानात गेलेल्या. आबा मशीनच्या खोलीत आले. दार लोटलं. मी डायरी खताच्या पोत्याखाली सारली.

उभेच राहिले. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "सूनबाई, मंगळवारचं तेवढं गावंल का कुटं?"

मी म्हटलं, "आबा, सांगितलं ना, रेकॉर्ड नाही झालं."

"झालतं," आबा म्हणाले. "सांच्याला यायच्या आदी मी मोबाइलवर बगितलं, सोप्यातल्या क्यामेऱ्यात. तू तितं येरझाऱ्या घालत हुतीस. डोळं पुसत हुतीस. न झालेल्या रेकॉर्डसाटी कोन रडत न्हाई."

म्हटलं, आता आत्यांचं काय होणार? सगळं माझ्या अंगावर घ्यायचं म्हणून तोंड उघडलं, तर आबा पोत्यावर बसले. आत्या बसल्या होत्या त्याच पोत्यावर.

"सा महिनं बगतोय मी. आदी परड्याच्या भिताडामागनं, मग गणपतीपास्नं ह्यात." मोबाइल दाखवला. "पत्तं कवाच सोडलं. ऑफिसाच्या मागं लिंबाखाली बसतो. दर मंगळवारी. पर ह्ये लहान हाय. ऊन पडतं. दिसतं तवर जातं. तोंड नीट बगावं म्हनलं तर पाठमोरी झालेली आसती. मागं नेता येत न्हाई." मोबाइल उपडा ठेवला. "म्हनून म्हनलं, मशीन नीट कर."

घमेलं! फुटकं घमेलं! मला सगळं एकदम कळलं आणि इतका राग आला, इतका — की तीन वर्षांत बोलले नव्हते ते बोलले. "मग हाक का नाही मारली, आबा? ती दोन एसट्या बदलून येते. शेळीच्या दाव्यापाशी तिची ओटी भरली! तुम्ही लिंबाखाली बसून मोबाइलमध्ये बघता? बघायला डोळे आहेत, बोलायला तोंड नाही?"

वाटलं, आता थोबाडीत बसते. आबा जमिनीकडे बघत होते.

"भावकीफुडं मेली म्हनलोय तिला. आता कुटल्या तोंडानं?" आणि मग — "ओटी भरली व्हय? त्ये मला दिसलं न्हाई. मदी कुनाचा तरी फोन आला."

मी सांगितलं — मीच पुसलं. का पुसलं तेही सांगितलं. आबांनी नुसती मान हलवली, वरखाली, बराच वेळ.

मग मी म्हटलं, पुसलेलं लगेच जात नाही आबा. नुसतं नाव खोडलं जातं, चित्र आत असतं, त्याच्यावर दुसरं लिहिलं जाईपर्यंत. पण आपली डिस्क भरलेली. तीन दिवस चार कॅमेरे तिच्यावर लिहितायत. राहिलं असेल तर तुकडा राहिला असेल. आणि शोधायचं तर आत्ता, या मिनिटाला सगळं रेकॉर्डिंग बंद करावं लागेल. चारही. पुढे किती दिवस, सांगता येत नाही.

"पुडच्या दाराचंबी?"

"सगळं."

"मग बगत का बसलीस? कर की बंद!"

केलं. डिस्क रीड-ओन्ली केली. आता कर्नेलच आडवा उभा आहे, कुणी काही लिहायला गेलं तर परत पाठवेल. वाचायचं, लिहायचं नाही. आबांनी ते मला दोनदा समजावून सांगायला लावलं. मग स्वतः जाऊन दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत. चहासुद्धा इथेच. आत्या दोनदा दार वाजवून गेल्या, काय चाललंय म्हणून. आबा म्हणाले, "ड्यूटी हाय."

मेल अजून पाठवलेला नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काही नाही. तुकडे सापडतात ते गोठ्याचे. म्हैस, म्हैस, म्हैस.

रविवार, २३ नोव्हेंबर

म्हैस. आबा म्हणतात, जरा डावीकडं बघ. डिस्कला डावीकडं नसतं हे सांगायचा कंटाळा आला. बघते म्हटलं.

आत्यांना आबांनी काही सांगितलेलं नाही. मीही नाही. ते त्यांचं त्यांनी सांगायचं. पण आत्यांची परवाची तयारी चाललीय, शेंगा भाजून ठेवल्यात पोळ्यांसाठी. मला हळूच म्हणाल्या, "साक्षे, मंगळवारी झोपंल न्हवं ते मशीन?" मी म्हटलं, "गाढ झोपेल."

सोमवार, २४ नोव्हेंबर

अकरा सेकंद सापडले. ओटीचे नाहीत, आधीचे. चपला काढते, आत वाकून बघते, ओढणी मागे जाते, हसते. संपलं.

आबांनी सात वेळा बघितलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "परड्यातला क्यामेरा धुरकट हाय. पुडच्या दाराचा चांगला हाय. उद्या तिकडनं आली तर तोंड नीट दिसंल."

मी म्हटलं, "आबा, रेकॉर्डिंग बंद आहे अजून."

"आसू दे बंद," आबा म्हणाले. "दारात मी हाय की."